कागदावर काम दिसलं पाहिजे

दहावी-बारावीचे निकाल लागले की राज्यभरच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : कोकण पुन्हा अव्वल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं कोकण विभागीय मंडळ २०१२ च्या परीक्षेपासून निकालाच्या टक्केवारीत सातत्याने पहिलं येत आलं आहे. २०२४ च्या दहावीत कोकणचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ च्या बारावीत ९६.७४ टक्के. या यशामागे गावोगावच्या शिक्षकांचे आणि पालकांचे कष्ट आहेत आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्यातला मुलगा किंवा मुलगी नोकरी शोधायला निघते तेव्हा याच आकड्याची दुसरी बाजू समोर येते. शंभरातले नव्याण्णव जण पास होत असतील, तर ‘दहावी पास’ या ओळीतून त्या एका मुलाबद्दल कुणालाच काही कळत नाही. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारावर लिहिलेल्या निबंधात हेच सूत्र मांडलं होतं. मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो खुणांवर विसंबतो. आणि खूण उपयोगी पडायची असेल तर ती सगळ्यांकडे असून चालत नाही. या विचाराला पुढे २००१ चं नोबेल मिळालं. लांज्याच्या मुलांच्या बायोडेटाकडे पाहताना तो पदोपदी आठवतो, कारण त्या कागदावर बहुतेक सगळं सगळ्यांकडे असलेलंच लिहिलेलं असतं.

तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात तयार होणारा बायोडेटा डोळ्यांसमोर आणा. वर मोठ्या अक्षरांत ‘रिझ्युमे’, उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा फोटो. त्याखाली इंग्रजीत उद्दिष्टाचं एक लांबलचक वाक्य : नामांकित संस्थेत काम करून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधण्याची इच्छा आहे. मग वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व. त्यानंतर चौकटींचा तक्ता : दहावी, बारावी, बीकॉम, वर्ष, टक्के, श्रेणी. खाली ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण’ आणि ‘टायपिंग ३०’. छंद या सदरात वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे. स्वभाव : मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर. शेवटी वरील माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र, ठिकाण लांजा, आणि सही. दुकानदाराच्या संगणकात एक नमुना असतो, त्यात नावं आणि टक्के तेवढे बदलतात. लग्नासाठी स्थळं पाहताना जी माहिती लागते तीच बहुतेक इथेही भरलेली असते, फक्त रास आणि नक्षत्र वगळून. या दीड पानात एक प्रश्न मात्र कुठेच विचारलेला नसतो : या माणसाने आजवर काय काम केलं आहे आणि ते कसं केलं आहे?

हा प्रश्न न विचारण्यामागे मुलांचा आळस किंवा दुकानदाराचं अज्ञान आहे, असं मला वाटत नाही. त्यामागे या जिल्ह्याचा नोकरीचा जुना इतिहास आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली, पण त्यांतल्या फार थोड्यांनी अर्ज लिहिला असेल. गावचा माणूस आधी गिरणगावात असायचा. नवा पोरगा बोटीने मुंबईला उतरला की तो त्या गाववाल्याच्या खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा आणि त्याच्याच सोबतीने गिरणीच्या दारात उभा राहायचा. खात्यात माणसं घेण्याची सत्ता जॉबरच्या हातात होती. जॉबर त्या गाववाल्याला ओळखायचा आणि गाववाला पोराला. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने या जॉबर पद्धतीची आणि तिच्यातल्या लाचखोरीची सविस्तर नोंद केली आहे. तिचं उदात्तीकरण करण्याचं काहीच कारण नाही. पण भरतीच्या दृष्टीने ती एक काम चोख करत होती. अनोळखी माणसाबद्दलचा संशय ती तोंडी शब्दावर दूर करत होती. जामीन राहणारा माणूस समोर उभा असताना कागदावर जे लिहायचं ते फक्त ओळखीपुरतं होतं : नाव, बापाचं नाव, गाव, जात. आजच्या बायोडेटात तीच चौकट टिकून आहे, पण तिला अर्थ देणारा जामीनदार नाहीसा झाला आहे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातला तो दरवाजा कायमचा मिटत गेला. बाहेर जाणं मात्र थांबलं नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. राज्यातल्या जवळपास सगळ्या जिल्ह्यांत माणसं वाढत असताना इथे ती घटली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हा २०११ चा आकडाही तेच सांगतो : कमावत्या वयाचे पुरुष गावाबाहेर आहेत. आता लांज्याचा मुलगा जिथे अर्ज करतो तिथे, म्हणजे लोटे-परशुरामची रासायनिक कंपनी, कोल्हापूरची कागल औद्योगिक वसाहत, चाकण, गोव्यातली वेर्णा किंवा नवी मुंबईतलं एखादं गोदाम, तिथे अर्ज पाहणाऱ्याला लांजा कुठे आहे हेही ठाऊक असेलच असं नाही. त्याच्यासमोर शेकडो अर्ज असतात. अमेरिकेतल्या एका नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेची हालचाल टिपली, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रिझ्युमेच्या वाट्याला सरासरी ७.४ सेकंद आले. तो आकडा इथे जसाच्या तसा लागू होईल असा माझा दावा नाही; पण चाळणी किती झपाट्याने होते याचा अंदाज त्यावरून येतो. तेवढ्या वेळात वाचणाऱ्याची नजर जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्वावर खर्च झाली, तर उमेदवाराच्या कामापर्यंत ती पोचतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की गाववाला जे जॉबरला तोंडी सांगायचा, ते आता कागदाने सांगायला हवं. तो काय सांगायचा? पोराने आधी कुठे काम केलं, काम टिकून करतो का, आणि त्याच्याबद्दल कुणाला विचारायचं. रिझ्युमेच्या प्रत्येक ओळीने यांतल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर द्यावं. जी ओळ देत नाही ती काढावी. ‘मेहनती’ हा शब्द उत्तर देत नाही, कारण तो सगळेच लिहितात आणि लिहायला काही पडत नाही. ‘सलग दोन हंगाम एकाच ठिकाणी काम’ ही ओळ उत्तर देते, कारण ती खोटी असली तर एका फोनवर उघडी पडेल.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो अगदी मनापासूनचा असतो : आम्हाला अनुभवच नाही, तर लिहिणार काय? हा आक्षेप लांज्याच्या बाबतीत मला पटत नाही. या तालुक्यातली मुलं शिकता शिकता जेवढं काम करतात तेवढं शहरातली फार थोडी मुलं करत असतील. पण घरच्या, हंगामी किंवा रोजंदारीच्या कामाला ती अनुभव मानत नाहीत. काजूचंच पाहू. तालुक्यात आणि आसपास काजू प्रक्रियेची लहान-मोठी युनिटं आहेत. बी उन्हात वाळवणं, वाफवणं, फोडणं, गर पुन्हा वाळवणं, वरची साल काढणं आणि मग प्रतवारी, असा तो क्रम. यातली प्रतवारी ही कसबाची गोष्ट आहे. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर बसतील एवढा आकार, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा वेगळे करायचे, करपलेला आणि डागी माल बाजूला काढायचा. नजर चुकली तर अख्ख्या लॉटचा भाव पडतो. या कामावर दोन हंगाम बसलेली मुलगी बायोडेटात काय लिहिते? बहुतेक वेळा काहीच नाही. फारच झालं तर ‘काजू फॅक्टरीत काम केले आहे’.

हीच ओळ उघडून लिहिली तर कशी दिसेल ते पाहा. ‘काजू प्रक्रिया युनिट, लांजा तालुका. फेब्रुवारी ते मे, सलग दोन हंगाम. काजूगराची आकार आणि रंगानुसार प्रतवारी, रोज सुमारे ४० किलो. दुसऱ्या हंगामात सहा नवीन कामगारांना प्रतवारी शिकवली. रोजची आवक-जावक वहीत नोंदवली.’ आकडे अर्थातच ज्याचे त्याने खरे घालायचे. यात एकही मोठा शब्द नाही आणि एकही विशेषण नाही. पण औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात तपासनीस हवा असलेल्या माणसाला यातून चार गोष्टी कळतात : हिची नजर बारीक आहे, ठरलेल्या मापाप्रमाणे काम करण्याची सवय आहे, एका ठिकाणी ही परत बोलावली गेली, आणि नोंदी ठेवता येतात. मालकाने पुन्हा बोलावणं हा तर कुठल्याही श्रेणीपेक्षा मोठा दाखला आहे. तो हिच्या हातात होता आणि कागदावर आला नाही.

अशी कामं हुडकायला बसलं की यादी वाढत जाते. घरची हापूसची बाग असेल तर एप्रिल-मे मध्ये पेट्या भरणं, गाडीत चढवलेल्या पेट्यांची नोंद ठेवणं आणि वाशीहून दलालाची पट्टी आली की भाडं, हमाली, इतर कपात वजा जाऊन आलेली रक्कम आपल्या वहीशी जुळवणं, हे काम घरातली बारावी झालेली मुलगीच करत असते. याला हिशोबाचा ताळा म्हणतात आणि पतसंस्थेत किंवा एखाद्या वितरकाकडे नेमकं हेच करायला माणूस लागतो. बचत गटाची रोखवही लिहिणारी सून, किराणा दुकानात उधारीची वही सांभाळणारा मुलगा, आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये असताना गावातल्या पाणीयोजनेचा पंप दुरुस्त करणारा विद्यार्थी, यांच्याकडे दाखवण्यासारखं काम आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्यांना महिन्याला ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन मिळालं. यात प्रशिक्षण घेतलेली मुलं नुसतं योजनेचं नाव लिहितात. त्यांनी त्या कार्यालयात किती दाखल्यांच्या नोंदी संगणकावर चढवल्या, कुठलं रजिस्टर सांभाळलं, लोकांच्या कुठल्या तक्रारी ऐकून घेतल्या, हे लिहायला हवं. ‘एमएस-सीआयटी’चंही तसंच. हा अभ्यासक्रम २००१ पासून महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे. त्याच्या नावापुढे ‘एक्सेलमध्ये दुकानाचा मासिक साठा तक्ता तयार करतो’ एवढं जोडलं तर तो शेजारच्या अर्जातल्या एमएस-सीआयटीपेक्षा वेगळा ठरतो.

काम उघडून लिहिलं की पुढची पायरी म्हणजे कुठल्या नोकरीसाठी कुठलं काम वर आणायचं हे ठरवणं. एकच कागद चाळीस ठिकाणी पाठवण्याची पद्धत मोडायला हवी. जाहिरात नीट वाचली तर मालकाने स्वतःच सांगितलेलं असतं की त्याला काय हवं आहे. काजूची प्रतवारी आणि घरच्या आंब्याचा हिशोब दोन्ही केलेली लांज्यातली मुलगी रत्नागिरीच्या पतसंस्थेत अर्ज करत असेल तर आंब्याच्या पट्टीचा हिशोब वर यावा आणि प्रतवारी खाली. वेर्ण्याच्या औषध कंपनीत करत असेल तर उलट. यासाठी लबाडी लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो. आणि जाहिरातीत ज्या शब्दांत काम सांगितलं आहे तेच शब्द, ते आपल्याला खरोखर लागू होत असतील तर, कागदात यावेत. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर अर्ज आधी सॉफ्टवेअर गाळतं आणि ते शब्द शोधतं. चौकटी, रंगीत पट्ट्या आणि चित्रं त्याला नीट वाचता येतातच असं नाही. साधा, एका पानाचा, वरून खाली वाचता येणारा कागद माणसालाही बरा आणि यंत्रालाही.

आता त्या कागदावरून काय काढायचं, याबद्दल. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि, मागितला नसेल तर, फोटोही. हे नुसतं जागा वाचवण्यासाठी सांगत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक होता तो फक्त नावांत. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली आणि मुस्लीम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. हा दोष अर्ज करणाऱ्याचा नाही, निवडणाऱ्याचा आहे, आणि तो रिझ्युमे सुधारून नाहीसा होणार नाही हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. नाव तर बदलता येत नाही, बदलायला लागूही नये. पण जे विचारलेलंच नाही ते आपणहून लिहून पूर्वग्रहाच्या हातात आणखी एक साधन कशाला द्यायचं? सरकारी भरतीत राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो आणि तो तिथल्या अर्जात द्यावाच. खासगी नोकरीच्या रिझ्युमेत त्याचं काम नाही. मुलींच्या बाबतीत ‘अविवाहित’ हा शब्द असाच त्रासाचा. तो वाचून समोरचा माणूस हिचं लग्न कधी होणार याचा हिशोब करू लागतो. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच्या मनातल्या खऱ्या शंकेचं उत्तर लिहावं. लांज्याचा पत्ता पाहून चाकणच्या मालकाला दोन शंका येतात : हा राहणार कुठे, आणि गणपती-शिमग्याला गेला की परत कधी येणार? ‘पिंपरीत राहण्याची सोय आहे, पंधरा दिवसांत रुजू होऊ शकतो’ ही ओळ पहिली शंका मिटवते. एकाच ठिकाणी टिकून केलेल्या कामाची नोंद दुसरी.

‘हे सगळं ठीक आहे, पण वशिल्याशिवाय नोकरी मिळते कुठे?’ हा दुसरा आक्षेप, आणि यात तथ्य आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूटन या शहरात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतूनच लागली होती. म्हणजे ओळखीने नोकरी लागणं ही काही आपल्याकडचीच तऱ्हा नाही. पण त्याच अभ्यासातला पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. ज्यांच्या ओळखीने काम झालं ती माणसं बहुतांशी जवळची नव्हती. कधीमधी भेटणारी, दूरची होती. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं, नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते. आपल्याकडचं चित्र पाहा. गावाच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी तरी लिहितो की आमच्या कंपनीत दोन जागा आहेत, बायोडेटा पाठवा. हा माणूस मुलाला लहानपणी एकदा पालखीत भेटलेला. तो पीडीएफ पुढे आपल्या साहेबाला पाठवणार, आणि साहेबाने ‘कसा आहे मुलगा?’ असं विचारलं तर त्याला त्या कागदापलीकडे काहीच सांगता येणार नाही. ओळख दारापर्यंत नेते हे खरं. पण दारात आता गाववाला स्वतः उभा राहत नाही, त्याने पुढे ढकललेला कागद राहतो. जितकी ओळख दूरची, तितका कागद चांगला लागतो. वशिला आहे म्हणून रिझ्युमेची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरं म्हणणं सरकारी नोकरीच्या आशेवर असलेल्यांचं. तलाठी, पोलीस, एमपीएससी, रेल्वे यांच्या भरतीला रिझ्युमे लागत नाही. तिथे ठरलेला अर्ज आणि परीक्षा. बरोबर आहे, आणि त्या वाटेवर चालणाऱ्याने अभ्यासच करावा. पण जागा मोजक्या असतात आणि बहुतेकांना दोन-चार वर्षांनी खासगी नोकरीकडे वळावं लागतं. तेव्हा रिझ्युमेत पदवीनंतरची ती वर्षं कोरी दिसतात आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. ती वर्षं लपवू नयेत. ‘२०२१ ते २०२४ : स्पर्धा परीक्षांची तयारी, पूर्व परीक्षा उत्तीर्ण, या काळात सकाळी दूध संकलन केंद्रावर नोंदणीचे काम’ असं सरळ लिहावं. तयारीच्या काळातही आठवड्यातले काही तास एखाद्या नोंद होईल अशा कामाला द्यावेत, असा माझा आग्रह आहे. त्याने अभ्यास बुडत नाही आणि वर्ष कोरं जात नाही.

चौथा आक्षेप सचोटीचा : सगळेच फुगवून लिहितात, मग खरं लिहिणारा मागे पडणार नाही का? फुगवलेल्या विशेषणांच्या शर्यतीत तो पडेलच. म्हणूनच त्या शर्यतीत उतरू नये. नेमकी, पडताळता येणारी माहिती आणि फुगवलेले शब्द यांत निवड करायची वेळ आली तर अनुभवी भरती करणारा पहिलीवरच विश्वास ठेवतो, कारण तिच्याबद्दल त्याला दोन प्रश्न विचारता येतात. ज्याने प्रतवारी केली आहे तो ३२० आणि २४० मधला फरक क्षणात सांगेल. ज्याने केली नाही तो तिथेच अडखळेल.

राहिला भाषेचा प्रश्न. इंग्रजी कच्चं असल्याची लाज मुलांच्या मनात खोल बसलेली असते आणि त्यातूनच दुकानातली ती उसनी वाक्यं कागदावर येतात. खासगी कंपनीसाठी रिझ्युमे बहुधा इंग्रजीतच लागतो, हे मान्य. पण त्याला मोठं इंग्रजी लागत नाही. काम सांगणारी छोटी, शुद्ध वाक्यं पुरतात. शुद्धता मात्र हवी. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका असलेल्या रिझ्युमेची मुलाखतीची शक्यता चुका नसलेल्यापेक्षा १८.५ टक्केबिंदूंनी खाली गेली; चुका थोड्याच असल्या तरी ७.३ टक्केबिंदूंनी. आधी मराठीत आपलं काम लिहून काढावं, मग ते इंग्रजीत न्यावं आणि कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावं. संगणकाची किंवा मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यायलाही हरकत नाही. एका ऑनलाइन रोजगार बाजारात जवळपास पाच लाख नव्या उमेदवारांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांना रिझ्युमे लिहिताना संगणकीय भाषिक मदत मिळाली त्यांना काम मिळण्याची शक्यता ८ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांना घेणारे मालक नंतर नाराज झाल्याचं दिसलं नाही. भाषा स्वच्छ झाल्याने उमेदवाराची कुवत मालकाला नीट दिसली, असा त्या संशोधकांचा अर्थ. मात्र यंत्राला सांगायला आधी आपल्याकडे मजकूर हवा. ‘माझा रिझ्युमे लिहून दे’ एवढंच म्हटलं तर ते पुन्हा ‘मेहनती आणि वक्तशीर’ लिहून देईल, फक्त जास्त सफाईदार इंग्रजीत.

काही बारीक गोष्टी थोडक्यात. घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून दुसरा एक नंबर, घरातल्या किंवा लांजा शहरातल्या कुणाचा तरी, जरूर द्यावा. बोलावण्याचा फोन लागला नाही म्हणून संधी जाणं फार वाईट. ईमेल पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. फाइलला नाव आणि पद द्यावं. आधार आणि पॅन क्रमांक रिझ्युमेत कधीही लिहू नयेत, आणि नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला कागदच पाठवू नये.

एक गोष्ट मात्र उमेदवाराच्या हातात नाही. ती लांज्यातल्या काम देणाऱ्यांच्या हातात आहे. दक्षिण आफ्रिकेत केलेल्या एका प्रयोगात अर्जासोबत आधीच्या मालकाचं शिफारसपत्र जोडलं तेव्हा बोलावण्यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी वाढलं, आणि हा फायदा मुख्यतः स्त्रियांना झाला. तिथेही बहुतेक उमेदवारांकडे असं पत्र नव्हतं. काजूच्या युनिटचे मालक, बागायतदार, दुकानदार, पतसंस्थांचे व्यवस्थापक, बचत गटांच्या अध्यक्षा, ज्यांच्याकडे ही मुलं-मुली हंगाम-दोन हंगाम राबतात, त्यांना माझी विनंती आहे. पाऊस सुरू होण्याआधी शेवटचा हिशोब चुकता कराल तेव्हा पैशांसोबत पाच ओळींचं एक पत्रही द्या. हिने किंवा याने कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम केलं, नेमकं कोणतं काम केलं, कसं केलं, पुन्हा बोलवाल का. आणि खाली सही, शिक्का, स्वतःचा फोन नंबर. त्या नंबरवर उद्या चाकणहून किंवा वेर्ण्याहून फोन आला, तर तो उचलून जे खरं आहे ते सांगा.